जवळचं बंदर

२८ जुलै

शिट्टी,

माझं अक्षर बघून आईला काही झालं की काय, असं आधी तुझ्या मनात येईल. तसं काही नाही. म्हणजे आहे, पण ते तुला तिच्याकडून कळलेलंच आहे. दर रविवारी ती स्वयंपाकघरात नळ सोडून तुझ्याशी फोनवर बोलते, मला ऐकू येऊ नये म्हणून. सहा वर्षं तो नळ वाहतोय. चौतीस वर्षं क्रेनवर बसून, खाली झेंडे दाखवणाऱ्या आपल्या बावट्याने मारलेली हाक ज्याला कळायची, त्याला नळामागचं बोलणं कळणार नाही? पण मीही कधी काही म्हटलं नाही. पेपर तोंडासमोर धरून बसतो.

फोनवर माझा आवाज चढतो, हे तुला सांगायला नको. म्हणून कागद.

तर विषय असा. तुझ्या आईने जहाजाच्या सफरीचा हट्ट धरलाय. ज्याने जन्मभर जहाजं भरली आणि रिकामी केली, त्याने एकदाही जहाजावर पाऊल ठेवलं नाही, हे तिला आता या वयात खटकायला लागलं. सप्टेंबरात एक प्रवासी जहाज फेरी मारतं. आमच्या बंदरातून निघतं, दोन रात्री समुद्रात असतं, तिसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या बंदरात सहा तास थांबतं आणि मग फिरून परत आमच्याकडे येतं. फेरी गोल असल्यामुळे कुठूनही चढता येतं. आमच्याकडून चढा, नाहीतर तुमच्याकडून.

आईचं म्हणणं, तुमच्याकडून चढू. आदल्या दिवशी गाडीने यायचं, मुक्काम तुझ्या घरी, सकाळी जहाज. मी म्हटलं, अगं, बंदर आपल्या दारात असताना चौदा तास गाडीत अंग आंबवून दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? माझे गुडघे, तुझे डोळे, वर दोन बॅगा, स्टेशनातले जिने. जहाज तिथे जाणारच आहे ना? तिकीट कचेरीतली मुलगीसुद्धा म्हणाली, "काका, बहुतेक सगळे जवळचंच घेतात." झालं, मला तेवढंच हवं होतं. आईने मान हलवली, पण एक अट घातली. मी स्वतः तुला लिहायचं की तिसऱ्या दिवशी धक्क्यावर ये. तिने नाही, मी. म्हणून हा खटाटोप.

तिला काय हवंय ते तुला माहीत असेल. तरी लिहितो, म्हणजे माझ्याकडून कळवलं असं होईल. डावा डोळा गेला. उजव्यात मधोमध थोडी जागा उरली आहे, दाराच्या फटीतून बघावं तेवढी. डॉक्टर म्हणाले, "डिसेंबरपर्यंत धरून चाला." फोनवरचं तुझं चित्र तिला दिसत नाही, त्या काचेत तिला नुसता उजेड दिसतो. आणि तिला नुसती तू बघायची नाहीस. तिला तू आणि मी बघायचे आहोत, शेजारी शेजारी, एका वेळी. मी तिला म्हटलं की जगात बघण्यासारखं इतकं पडलंय. ती म्हणाली, माझं बाकीचं बघून झालं.

१८ सप्टेंबर, सकाळी नऊ, प्रवासी धक्का. यायचं की नाही ते तुझं तू ठरव.

बाबा

११ ऑगस्ट

शिट्टी,

तुझं कार्ड मिळालं. "येते. सहा तास पुरतील." सहा वर्षांनी चार शब्द. हिशेबाने वागायची सवय तुझी लहानपणापासूनचीच. असो. आईला मी ते सात वेळा वाचून दाखवलं. आठव्यांदा म्हणाली, "जरा हळू वाचा, पटकन संपतं."

इथे रोज तालीम चालू आहे. हसू नकोस. आईने दाराशेजारच्या खुंटीवर तुझा जुना रेनकोट टांगलाय आणि त्याच्या शेजारी मला उभं करते. मग एकेक पाऊल मागे जाते. तीन पावलांवर तिला एक मी दिसतो किंवा एक रेनकोट. पाच पावलांवर माझा एक कान कापला जातो. सहा पावलांवर दोघं मावतो. "सहा," म्हणाली, "सहा पावलं लक्षात ठेवा. धक्क्यावर गर्दी असेल, मला कुणी ढकलेल, तुम्ही दोघांनी हलायचं नाही." मी रेनकोटाला म्हटलं, ऐकलंस ना? त्यावर ती पोटभर हसली. बऱ्याच दिवसांनी.

रेनकोटाशेजारी उभं राहायला काही वाटत नाही. तो बोलत नाही.

बावटा भेटला होता. तुला विचारत होता. तुझं नाव त्यानेच पाडलं, आठवतं का? तू डबा घेऊन फाटकाशी यायचीस आणि दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचीस. पहारेकरी ओरडायचा, मी वरून भोंगा वाजवायचो. सगळा धक्का हसायचा. बावटा म्हणाला, "पोरगी आली की सांग, झेंडे काढून ठेवलेत." मी म्हटलं, ती इथे येत नाहीये, आम्ही तिथे जातोय, पुढच्या महिन्यात, जहाजाने. त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सप्टेंबरात?" मी म्हटलं, हो. त्याने विषय बदलला.

आईने काल पुन्हा काढलंच, की तिकीट बदलून लांबच्या बंदराचं मिळेल का. मी सांगितलं, बदलत नाहीत.

सहा तासांत जेवण होईल. तुला काय आवडतं ते आईला पाठ आहे, पण जहाजावर रांधता येत नाही म्हणून ती हळहळते. तू काही आणू नकोस. फक्त वेळेवर ये.

बाबा

१७ सप्टेंबर, जहाजावरून

शिट्टी,

हे पत्र टाकायचं नाही, उद्या तुझ्या हातात द्यायचं. समोरासमोर माझी जीभ ऐनवेळी दगा देते, तेव्हा कागद बरा.

काल दुपारी निघालो. शिडीवर तुझ्या आईने तमाशा केला. एकेका पायरीवर थांबत होती. मागे माणसांची रांग लागली, मूल रडायला लागलं, कुणीतरी म्हणालं, आजींना उचलून न्या. मी म्हटलं, "अगं, पाय उचल, पायरी सरळ आहे." तर तिने तोंड माझ्याकडे वळवलं आणि नुसती उभी राहिली, मी काही बोलणार आहे अशी. बिचारीला दिसत नाही म्हणून मग मीच पावलं मोजत तिला चढवलं.

बावटा धक्क्यावर आला होता. खरंच दोन्ही झेंडे घेऊन. निवृत्त माणूस, भर उन्हात उभा राहून त्याने आम्हाला "सावकाश सोडा" अशी खूण केली. जहाजावरच्या एकालाही कळली नसेल. मला कळली.

माझी चार नंबरची क्रेन मी पहिल्यांदा बाजूने बघितली. इतकी वर्षं आत बसून होतो, बाहेरून ती एवढीशी आहे हे माहीत नव्हतं. केबिनची काच फुटलीये आणि कबुतरांनी घर केलंय. आईने विचारलं, "कशी दिसते?" मी म्हटलं, छान, रंग दिलाय नवीन. आता हे तुझ्याजवळ कबूल करतो. मी तिला हल्ली बरंच काही छान सांगतो. ती मला विचारते आणि मी सांगेन ते धरून चालते. या नोकरीची मला सवय नाही. वरून बघणाऱ्या माणसाला टाळू दिसते, चेहरे दिसत नाहीत. तुझा भांग मी पाचशे माणसांत ओळखला असता.

आईने उद्याची शाल आजच उशाशी काढून ठेवलीये. लाल. तू लांबून ओळखावंस म्हणून. मघाशी विचारत होती, "वारा आहे का हो?" मी म्हटलं, थोडा. दुपारपासून जहाज कुशीवर कलायला लागलंय. जेवणाच्या खोलीत पेले टेबलावरून सरकत होते आणि वाढपी ते हसत हसत पकडत होता.

आता सहा वर्षांपूर्वीचं, बंदरावरच्या कॅन्टीनमधलं. उद्या ते निघेल किंवा निघणार नाही, पण लिहून ठेवतो. तुमच्या कचेरीची माणसं आमचं बंदर तपासायला आली, त्यांत तू होतीस. हातात तो कागद, की जुन्या क्रेन बंद कराव्यात. तू चहाचा कप ठेवलास आणि म्हणालीस, "बाबा, तुम्ही आता उतरा. खूप झालं." चाळीस माणसं ऐकत होती. मी म्हणालो, माझी मुलगी असती तर हा कागद घेऊन आली नसती. ही कोण आहे मला माहीत नाही. तू चहा तसाच ठेवून गेलीस.

मला माहीत आहे तू कशासाठी म्हणालीस ते. त्याच महिन्यात माझ्या हातून क्रेनवरची एक मालाची पेटी निसटली होती, बावट्याच्या खोपटापासून दोन हातांवर पडली. गुडघा लुळा पडला आणि पाय ब्रेकवर वेळेवर पोचला नाही. बावट्याने ते प्रकरण दाबलं. पण तुला कळलं होतं. चाळीस माणसांत तू ते बोलली असतीस तर माझी जागेवरच बोलती बंद झाली असती. तू बोलली नाहीस. मी मात्र जे तोंडात आलं ते बोललो.

उद्या नऊ वाजता.

बाबा

१८ सप्टेंबर, दुपार

शिट्टी,

जहाज आत आलं नाही. हे तुला धक्क्यावर उभं राहून कळलंच असेल.

आठ वाजता आम्ही तयार होतो. आईने शाल घेतली, केस दोनदा विंचरले. पावणेनऊला कप्तानाने कर्ण्यावरून सांगितलं की बंदराच्या तोंडाशी वारा फार आहे, प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी थांबतोय. तास-सव्वातास आम्ही बाहेर डुलत उभे होतो. मग सांगितलं की थांबा रद्द, जहाज पुढे जाईल, गैरसोयीबद्दल क्षमस्व, सर्वांना खाली केक आहे.

अर्धी माणसं केकला गेली.

आई कठड्याशी गेली. म्हणाली, "किती लांब आहे?" मी म्हटलं, जवळ आहे. चार किलोमीटर तरी असेल. मला धक्क्याची एक रेघ दिसत होती, गोदामांची छपरं आणि तुमच्या त्या उंच क्रेन, ज्यांत माणूस बसत नाही. एवढ्या वाऱ्यात त्याही थांबवलेल्या होत्या. माणूस एकही दिसत नव्हता.

"ती आलीये?"

"आलीये."

"दिसते?"

"दिसते ना. ती काय."

मी तिचा हात धरून तो एका बाजूला वळवला. कुठे वळवला देव जाणे. तिने विचारलं, काय घातलंय? माझ्या तोंडून गेलं, निळं. केस? म्हटलं, कापलेत, खांद्यापर्यंत. हे मी का सांगितलं मला ठाऊक नाही. खोटं बोलणारा एक गोष्ट जास्त सांगतोच.

"कापले? मला बोलली नाही," म्हणाली. आणि शाल काढून हलवायला लागली. वाऱ्याने शाल तिच्याच तोंडावर येत होती. हात दुखला तेव्हा मी तिचं कोपर खालून उचलून धरलं. मध्येच मला म्हणाली, "तुम्हीपण करा ना हात. ती बघत असेल." मी केला. कुणाला केला, शिट्टी? रिकाम्या रेघेला. आजूबाजूचे आमचा फोटो काढत होते.

मग जहाज वळलं. आईला ते कळलं नाही. ती त्याच दिशेला हात हलवत राहिली आणि समोर नुसता समुद्र होता. मी तिला थांबवलं नाही. पाचेक मिनिटांनी तिनेच शाल गोळा केली आणि म्हणाली, "तुमच्या दोघांत फार अंतर पडलं. एका वेळी मावला नाहीत."

वाऱ्यापुढे कुणाचं काय चालणार. कालचं पत्र याच पाकिटात घालतो. तुझ्या हातात द्यायचं होतं.

बाबा

६ ऑक्टोबर

शिट्टी,

रविवारी आईने नळ सोडला नाही. बहुधा विसरली, किंवा आता लपवायचं काय उरलं असं वाटलं असेल. मी पेपरामागे होतो.

तिने तुला विचारलं, "तू त्या दिवशी निळंच घातलं होतंस ना गं?" मी पेपर आणखी वर धरला. तुझं उत्तर मला ऐकू आलं नाही. मग आईचा चेहरा उजळला आणि ती म्हणाली, "मला वाटलंच. आणि केसही कापलेस, सांगितलं नाहीस ते." पुन्हा तू काहीतरी बोललीस आणि आई म्हणाली, "वाढतील गं. केसांचं काय."

काल तुझं कार्ड आलं. "करडं जॅकेट होतं. केस लांबच आहेत. आईला कळू देऊ नका." या खेपेस दहा शब्द. सहा वर्षांत आपलं दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ती ही. तिला फसवण्यावर.

मी ते कार्ड, रोजचा वारा लिहितो त्या वहीत ठेवलं. आईने विचारलं, पोस्टमन काय देऊन गेला? म्हटलं, विजेचं बिल.

आता वाईट बातमी. तू फोनवर ओळखली असशील, नसशील तर ऐक. आज सकाळी आई कपात दूध ओतत होती. कपाच्या शेजारी ओतलं. फडक्याने पुसलं आणि पुन्हा कपाच्या शेजारीच ओतलं. मी म्हटलं, अगं कप इकडे आहे. ती म्हणाली, "हो का?" आणि खाली बसली. दवाखान्यात नेलं. उजव्या डोळ्याच्या मागे रक्त उतरलंय. डॉक्टरांनी टॉर्च मारून विचारलं, उजेड कुठून येतोय? ती म्हणाली, "तुम्ही सांगा."

डिसेंबर म्हणाले होते. ऑक्टोबरचा पहिला आठवडासुद्धा पुरता गेला नाही.

घरी आल्यावर तिने दाराशी चाचपून खुंटीवरचा रेनकोट काढला आणि घडी घालून कपाटात ठेवला.

बाबा

२ नोव्हेंबर

शिट्टी,

तू उत्तर पाठवलं नाहीस, बरं केलंस. आता जे लिहितोय त्यानंतर पाठवशील असं वाटत नाही.

माझी वाऱ्याची वही तुला माहीत आहे. क्रेनवाल्याला वाऱ्याशिवाय काही करता येत नाही. वारा एका मर्यादेपुढे गेला की हात आवरायचा. म्हणून पहिल्या दिवसापासून मी रोज सकाळी रेडिओवरचा वारा लिहून ठेवतो. रेडिओवर दोन्ही बंदरांचा सांगतात, मी दोन्ही लिहितो. काम सुटलं, वही सुटली नाही. आई म्हणायची, या माणसाने लग्नाची तारीख लिहून ठेवली नाही, पण वारा ठेवला.

जुलैत तिकीट कचेरीत जाण्याआधी मी ती वही काढली. आई आंघोळीला गेली होती. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, तुमचं बंदर. तुमच्या बंदराचं तोंडच अशा बाजूला आहे की त्या दिवसांत वारा थेट आत शिरतो. गेल्या अकरा वर्षांत आठ वेळा तो मर्यादेच्या वर होता. आठ वेळा. प्रवासी जहाज असल्या वाऱ्यात आत जात नाही, हे बंदरावरच्या कुत्र्यालाही माहीत आहे. बावट्याने "सप्टेंबरात?" म्हणून विचारलं ते उगाच नाही.

वही मिटली, जागेवर ठेवली आणि कचेरीत जाऊन सांगितलं, जवळचं द्या.

वाऱ्यापुढे कुणाचं काय चालणार, असं मी तुला जहाजावरून लिहिलं होतं. माझंच चाललं होतं. वाऱ्याला मी कामाला लावलं होतं. लांबचं बंदर घेतलं असतं तर गाडीने आलो असतो. जहाज आत आलं नसतं, तर तुझ्या घरी बसून राहिलो असतो. चहा घेतला असता. सहा पावलांवर आई खुर्ची टाकून बसली असती. वारा घरात येत नाही.

आणि तिकीट बदलून मिळत होतं. आठवडाभर आधीपर्यंत. त्या मुलीने मला आपणहून सांगितलं होतं.

का केलं, हे विचारशील. मी स्वतःला सांगत होतो की मला तुझा राग आहे. राग कधीच गेला होता. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. पत्र लिहिलं म्हणजे माझी बाजू पुरी झाली, जहाज गेलं म्हणजे आईचा हट्ट पुरा झाला, आणि मध्ये वारा आला तर त्याला मी काय करू. असा तिघांचाही निकाल लावून ठेवला होता मी. डिसेंबर आहे ना, म्हटलं. तोवर बघू. तोवर धीर होईल.

धीराची वाट बघत बसलो आणि तिचा डोळा गेला.

तू त्या दिवशी किती वेळ उभी होतीस? हे मला कुणी सांगितलं नाही आणि विचारायला मला तोंड नाही. एवढ्या वाऱ्यात. करडं जॅकेट घालून.

आईला यातलं काही माहीत नाही. ती दिवसभर खिडकीशी बसते. काल म्हणाली, "निळा रंग तिला शोभतो, नाही?" मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ सोडला. आता माझी पाळी.

सांगू का तिला? तू सांगशील तसं करतो.

बाबा

१४ नोव्हेंबर

शिट्टी,

तुझं कार्ड आलं. "सांगा." एकच शब्द, आणि तोही पेन दाबून लिहिलेला, मागून बोटाला लागतो.

आज दुपारी सांगितलं. आई तांदूळ निवडत होती, आता बोटांनी निवडते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. वही, आठ वेळा, तिकीट बदलत होतं ते, निळा रंग, कापलेले केस, क्रेनवरची कबुतरंसुद्धा. तिचा हात थांबला नाही. माझं संपलं तेव्हा तिने ताट बाजूला सारलं.

म्हणाली, "वाऱ्याचं मला माहीत होतं."

मी म्हटलं, तुला कसं?

"चौतीस वर्षं डबा कोण भरत होतं? वारा जास्त असला की क्रेन बंद, तुम्ही जेवायला घरी. डबा भरायचा की नाही हे मला तुमच्या आधी कळायला लागायचं. तुम्ही उठायच्या आधी रेडिओ मी ऐकायचे. तुम्ही लिहायचात, मी लक्षात ठेवायचे. तिच्या बंदराचा सप्टेंबर मला पाठ आहे."

"मग हो का म्हणालीस? हट्ट का नाही धरलास?"

"हट्ट धरून नेलं असतं तर आला असतात, आणि तिच्या दारात भिंतीकडे तोंड करून बसला असतात. मला तुमचं तोंड बघायचं होतं. मला वाटलं, तुमचं तुम्हालाच कसंतरी होईल आणि म्हणाल, चल, लांबून जाऊ. बॅगा भरताना वाटलं, आता म्हणाल. टॅक्सीत वाटलं. शिडीवर तर नक्की वाटलं. म्हणून तर मी पायरी पायरीला थांबत होते. दिसत होत्या मला पायऱ्या."

शिट्टी, ती शिडी आठ-दहा पायऱ्यांचीसुद्धा नसेल. प्रत्येक पायरीवर ती माझ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि मी तिला म्हणालो, पाय उचल.

नंतर मी म्हटलं, उद्याच्या उद्या गाडीची तिकिटं काढतो, दोघं जाऊ तिच्याकडे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. रडली असती तरी चाललं असतं. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आता मी येऊन काय बघू?"

मी तिथेच बसून होतो. ती पुन्हा ताट ओढून तांदूळ निवडायला लागली आणि म्हणाली, "तुम्ही जा. तिच्यासमोर उभे राहा, नीट बघा, आणि घरी येऊन मला सांगा. पण या वेळी खरं सांगा."

म्हणून येतोय. गुरुवारची गाडी, तुमच्या स्टेशनात सकाळी साडेदहाला पोचते. घ्यायला येऊ नकोस, मी विचारत विचारत येईन. माफी मागायला येतोय असं समजू नकोस, ती मागून आता तिला काय मिळणार. दुपारपासून तुझा चेहरा आठवायचा प्रयत्न करतोय. भांग आठवतो, डबा धरलेला हात आठवतो. चेहरा येत नाही.

मला घरात घ्यायचं नसेल तर घेऊ नकोस. फक्त दार उघडून उजेडात थोडा वेळ उभी राहा. मी सहा पावलांवर थांबेन. केसांपासून चपलांपर्यंत मला सगळं पाठ करून न्यायचंय.

बाबा